काकांचा पंधरा दिवसांचा पॅरोल

लडाखच्या सोनम वांगचुकना सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे रासुकाखाली उचलून जोधपूरच्या तुरुंगात नेलं तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर वाद धुमसतोय. मी एवढंच लिहिलं की स्थानबद्ध माणूस आजारी पडला तर उपचारांपुरतं घरी सोडायला काय हरकत आहे, तर आतेभाऊ म्हणतो, आत गेलं की सगळ्यांच्याच छातीत दुखतं, नाटकं नुसती. आणि त्याला लाइकचा अंगठा कोणी दिला तर थोरल्या काकांनी! जे स्वतः १९७५ ला आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे तेव्हाच्या बिनखटल्याच्या कैदेच्या कायद्याखाली येरवड्यात होते, ज्या कैदेसाठी महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये महिना दहा हजार मानधन सुरू केलं आणि जे ते अभिमानाने घेतात.

अरे, स्थानबद्ध म्हणजे आरोपीसुद्धा नाही. खटला नाही, चार्जशीट नाही, उद्या काहीतरी करेल या संशयावर वर्षभरापर्यंत आत. खटलाच नाही म्हणून नेहमीसारखा जामीन नाही, सरकारने रासुकाच्या कलम १५ खाली तात्पुरतं सोडलं तर सोडलं. हवे तर जामीनदार घ्या, अटी घाला, परत आला नाही तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहेच कायद्यात. स्थानबद्धतेची ऑर्डर तशीच राहते, मग भीती कसली?

इथे इंग्लंडमध्ये ट्विन टॉवर्सच्या हल्ल्यानंतर परदेशी संशयितांना असंच बिनखटल्याचं लंडनच्या बेलमार्श तुरुंगात डांबलं होतं. त्यातला एक अल्जेरियन, कोर्टात नाव फक्त ‘जी’, त्याची मनाची अवस्था पार ढासळली तेव्हा एप्रिल २००४ मध्ये कोर्टाने त्याला घरी नजरकैदेत पाठवलं. तेव्हाचे होम सेक्रेटरी, म्हणजे गृहमंत्री ब्लंकेट भडकले, पण तो घरी गेला. मी तेव्हा रेडिंगला नवीन होतो, कँटीनमध्ये लोक त्याला शिव्या घालायचे पण आजाराला नाटक म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. यावर आतेभाऊ, हे कायदे तुझ्या गोऱ्यांचेच. आहेतच, पण ते गेल्यावर घटनेच्या कलम २२ मध्ये अशा कैदेला जागा आपणच दिली ना? हार्मंड्सवर्थला परदेशी लोकांना व्हिसावरून डांबतात त्याचं मला विचारू नका, हीथ्रोला जाता-येता दिसतं ते, तो व्हिसाचा प्रश्न आहे, वेगळा.

मी सहा वर्षांचा होतो. काकांना आत कावीळ झाली, पॅरोलवर घरी आणलं तेव्हा डोळे हळदीसारखे. आजी मऊ भात भरवायची, संध्याकाळी बाबा त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून चौकीत हजेरीला न्यायचे आणि चढाला मी मागून ढकलायचो. एकदा ते चौकीच्या पायरीवरच ओकले, हवालदाराने आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जयप्रकाश नारायणांना पॅरोलवर सोडलं, तोवर किडन्या गेलेल्या, पुढे शेवटपर्यंत डायलिसिस. अभिनेत्री स्नेहलता रेड्डींना दमा होता, बंगलोरच्या जेलमधून जानेवारी १९७७ ला सोडलं आणि पाचेक दिवसांत त्या गेल्या. हे सगळं मला काकांनीच सांगितलंय.

आणि परवा तेच लिहितात, तू पासपोर्ट बदललास, आता तिकडची काळजी कर.

लागलं ते. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला काका होते, मी तिसऱ्या दिवशी पोचलो, त्यामुळे उलट बोलायला जीभ रेटत नाही. रद्दचा शिक्का मारलेला जुना पासपोर्ट मी अजून कपाटात जपून ठेवलाय. मत देता येत नाही मला, मान्य. पण ती सायकल मी ढकललीये.

काका, पंधरा दिवस संपले तेव्हा तुम्ही स्वतःच्या पायांनी येरवड्याच्या गेटवर परत गेलात, पिशवीत आजीने मनुका बांधून दिल्या होत्या. पळालात का?