सुशिक्षित उमेदवारास अनाहूत सल्ला

आपण विश्रामबागेत कार्यालय थाटलेले स्थापत्य अभियंता आहात, 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर आपण अनोळखी लोकांच्या घरांतील गाळ उपसला आहे, शेजाऱ्यांच्या भिंतींतील ओल विनामूल्य तपासून दिली आहे, आणि आता सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेची निवडणूक लढवावी असे आपल्या मनाने घेतले आहे. आपले अभिनंदन! मात्र उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी अंगचे काही दोष दूर करावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सर्वांत घातक दोष असा, की आपल्याला विषय समजतो. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आपल्याला पाठ आहे. कोणता ओत, म्हणजे पावसापुराचे पाणी वाहून नेणारा नैसर्गिक नाला, बुजवून कोणती वसाहत उभी राहिली, हेही आपण नकाशा पसरून दाखवू शकता. कृपा करून दाखवू नका. ज्याच्या ओट्यावर बसून आपण तो नकाशा पसराल, त्याचे घर नेमके त्याच ओतात असेल, गुंठ्यागुंठ्याने विकलेली ती विनापरवाना जागा नियमित झाल्याचा गुंठेवारीचा दाखला त्याने हेलपाटे घालून नुकताच मिळवलेला असेल, आणि चहा पाजून तो आपल्याला कायमचा निरोप देईल. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे इथले शेंबडे पोरही जाणते. 2019 मध्ये ते 57 फुटांवर पोहोचले तेव्हा तर घरोघरी एकेक जलतज्ज्ञ तयार झाला. त्या सर्वांपुढे मान डोलवावी आणि दोष द्यायचाच झाला तर अलमट्टीला द्यावा. ते धरण कर्नाटकात आहे आणि तिथला एकही मतदार आपल्या प्रभागात नाही.

आपण स्वच्छ प्रतिमेचे अपक्ष म्हणून उभे राहणार, असे ऐकतो. कल्पना उदात्त आहे. परंतु महापालिकेच्या 78 जागा 20 प्रभागांत विभागलेल्या असून बहुतेक प्रभागांत मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी मत द्यायचे असते. एवढा मोठा प्रभाग एकट्याने पालथा घालणे अशक्य असल्याने आपल्याला पॅनेल हवेच. पॅनेलमधील आपले सहकारी अनुभवी असतील. त्यांपैकी एकाचा ठेकेदारीशी काडीचाही संबंध नसेल, कारण पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेल्यास कायद्याने सदस्य होता येत नाही. ठेका मेहुण्याच्या नावावर असेल. ज्या रस्त्याच्या डांबराची जाडी आपण मागच्या वर्षी पट्टी लावून मोजली आणि छायाचित्रासह तक्रार केली, तो रस्ता याच मेहुण्याचा. पत्रकावर आपण दोघे हात जोडून शेजारी शेजारी उभे राहाल, आणि खाली ‘विकासाचा ध्यास’ असे छापलेले असेल. तक्रारीची प्रत तेवढी आधी फाडून टाकावी.

सोडतीत आपली जागा महिलांसाठी राखीव निघाली, तरी खचून जाऊ नये. सौभाग्यवतींना उभे करावे, फलकावर आपले छायाचित्र मोठे आणि त्यांचे त्याहून बेताचे ठेवावे. त्यांनी पालिकेचा अर्थसंकल्प आपल्याआधी वाचून काढला असला, तरी ही गोष्ट चारचौघांत बोलू नये.

आता आपल्या हक्काच्या मतदारांविषयी. ‘तुमच्यासारख्यांनीच राजकारणात यायला हवे’ असे म्हणणारे आपले सहव्यावसायिक, रोटरीतील मित्र आणि सकाळी आमराईत फिरायला येणारे ज्येष्ठ यांची यादी आपण एव्हाना केलीच असेल. ती जपून ठेवावी, कारण मतदानाच्या सुट्टीला जोडून रजा टाकून गणपतीपुळ्याला कोण कोण गेले, हे शोधायला ती उपयोगी पडेल. त्यांच्या मोलकरणी आणि वॉचमन मात्र सकाळीच रांगेत उभे असतील, आणि त्यांच्या वस्तीतील तुंबलेल्या गटारीपाशी आपण प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, तेही वाट चुकून, गेलेले असाल.

निकाल काहीही लागो, खर्चाचा हिशेब 30 दिवसांत सादर करण्यास विसरू नये. पराभूतालाही त्यातून सूट नाही, आणि हिशेब न देणारा अपात्र ठरू शकतो. आपण चहाच्या कपापर्यंतची पावती जोडाल, याबद्दल शंका नाही. इतर उमेदवारांच्या हिशेबात जेवणावळी, मंडळांच्या वर्गण्या आणि हळदीकुंकवाची वाणे यांचा मागमूसही नसल्यामुळे सर्वाधिक खर्च आपलाच दिसेल, आणि खुलाशाची नोटीसही आपल्यालाच येईल.