शिकागोच्या आधी फिलाडेल्फिया

नागर समाजशास्त्र, म्हणजे शहरी जीवनाचा अभ्यास म्हटलं की आपल्याकडे सुरुवात शिकागो विद्यापीठापासून. १९१५ साली तिथल्या रॉबर्ट पार्क या समाजशास्त्रज्ञाने शहरावर निबंध लिहिला, मग विद्यार्थी वस्त्यावस्त्यांत शिरले, वगैरे. एम.ए.ला मीही हेच पाठ केलं. दोन वर्षांत डू बॉइस या काळ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं नाव एकदाही कानावर पडलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस फिलाडेल्फियात आले. वय २८, हार्वर्डची पीएच.डी., लग्नाला जेमतेम तीन महिने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना काळ्या वस्तीचा अभ्यास करायला बोलावलं, पण वर्गात शिकवू दिलं नाही. नवराबायकोने त्याच वस्तीत, सेव्हन्थ वॉर्ड नावाच्या भागातल्या गरिबांमध्ये, एका खाणावळीवरची खोली घेतली.

आणि हा माणूस दारोदार फिरला. सुमारे अडीच हजार घरं. काम काय, भाडं किती, शिक्षण किती, मूळचे कुठले. सगळं स्वतः विचारलं, स्वतः लिहून घेतलं. नकाशावर घरागणिक रंग भरला. १८९९ साली ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ छापून आलं.

शहर बिघडलंय ते काळ्यांमुळे, असा तिथल्या बड्या लोकांचा समज. डू बॉइस यांनी दाखवलं की हातात कसब असलेल्यालाही हमाली आणि घरकामच मिळतं, कामगार संघटना त्याला आत घेत नाहीत, आणि भाडं मात्र गोऱ्यांपेक्षा चढं.

भाड्याच्या त्या पानांवर मी बराच वेळ अडकले. पुण्यात खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, मग आडनाव विचारलं जायचं, की लगेच “अहो, कालच दिली दुसऱ्यांना.” तीनदा झालं. शेवटी मिळाली ती लांबची आणि महाग. तेव्हा वाटलं, आपलंच नशीब. हे मोजता येतं, नकाशावर मांडता येतं, हे या पुस्तकाने मला शिकवलं.

एक गोष्ट मात्र खटकते. सगळ्यात खालच्या थराबद्दल लिहिताना त्यांची लेखणी फार कडक होते, नीतीचे धडे देऊ लागते.

एप्रिल १८९९. डू बॉइस तेव्हा अटलांटात शिकवत होते. सॅम होज या काळ्या मजुराला जमावाने जाळून मारलं. डू बॉइस संयमाने लिहिलेला मजकूर घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले. वाटेत कळलं, होजच्या बोटांची हाडं पुढच्याच एका वाणसामानाच्या दुकानात मांडून ठेवलीत. ते तिथूनच परत फिरले. लोकांना खरं काय ते माहीत नाही, दाखवलं की सुधारतील, या भरवशावर त्यांनी ती सगळी दारं ठोठावली होती.

१९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले निग्रो आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे, की त्यांचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असं त्यात म्हटलंय. डू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर पाठवलं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डू बॉइस यांना मानद प्राध्यापकपद दिलं ते २०१२ साली, मृत्यूनंतर ४९ वर्षांनी. आपल्याला तेवढं थांबायचं काही कारण नाही. समाजशास्त्र शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, यंदा पहिल्याच तासाला सेव्हन्थ वॉर्डाचा तो नकाशा फळ्यावर लावा ना.