चिमटा काढला, पाय ओढला, म्हणजे मणका ओके? नाही हो!

परवापासून एकच फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या डॉगवाल्या ग्रुपवरून माझ्याकडे आलाय, आणि काल तर एक काका आपल्या डॅशहंडला (तो लांब पाठीचा, बुटक्या पायांचा कुत्रा) टोपलीत घालून क्लिनिकला आले, म्हणाले "डॉक्टर, चिमटा टेस्ट घरीच केली, पास झालाय". मेसेज साधारण असा आहे की कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर बोटाला जोरात चिमटा काढा, पाय मागे ओढला तर मणका चांगला, तेलाने मालिश करा आणि रोज चालवा, नाही ओढला तर तो आयुष्यात उठणार नाही, इंजेक्शन देऊन झोपवलेलं बरं. शेपूट हलत असेल, सू होत असेल तर टेन्शन नाही.

आधी पाय ओढण्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गरम तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर कळतो ना, तसंच हे. बोटाकडून सिग्नल कंबरेतल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच परत ऑर्डर सुटते, मेंदूला कोणी विचारतच नाही. आता डॅशहंडची चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, सरकून मज्जारज्जूवर दाबते ती बहुतेक वेळा शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, म्हणजे बिघाड तिथे आणि पाय ओढायचं सर्किट त्याच्या मागे शेपटीच्या बाजूला, धडधाकट. मज्जारज्जू पार कामातून गेला असेल तरी पाय ओढला जाईल, कधीकधी तर नेहमीपेक्षा जास्तच झटक्यात. काकांचा कुत्रा असाच "पास" झाला होता.

मग आम्ही चिमटा काढतो तो कशाला? तर आम्ही पायाकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघत असतो. वळून बघितलं का, केकाटला का, चावायला आला का, निदान डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या का, म्हणजे दुखल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचली का. यालाच डीप पेन म्हणतात, ते बोटाच्या हाडावर चिमट्याने दाबून बघतात आणि तेही कुत्रा स्वतःहून पाय अजिबात हलवत नसेल तरच. कारण चकती दाबत गेली की आधी पंजा कुठे पडतोय याचं भान जातं, मग पायातली ताकद जाते, आणि डीप पेन सगळ्यात शेवटी. म्हणून आमची सुरुवात पंजा हळूच उलटा ठेवून तो लगेच सरळ करतोय का हे बघण्यापासून होते. लंगडत का होईना चालणाऱ्या कुत्र्याला चिमटे काढणं म्हणजे उगाच छळ, आणि घाबरलेला कुत्रा चावला तर दोष त्याचा नाही.

"नाही ओढला तर संपलं" हेही चूकच. ज्या भागातून पाय ओढायची ऑर्डर निघते तिथेच मार असेल तर पाय ढिम्म राहतो पण कुत्रा वळून गुरगुरतो, म्हणजे दुखणं कळतंय की! आणि समजा डीप पेन खरंच गेलंय, तरी ऑपरेशननंतर त्यातले साधारण निम्मे परत चालतात, डीप पेन शाबूत असताना ऑपरेशन झालं तर दहातले नऊ. हां, डीप पेन गेलेल्यांपैकी काहींचा मज्जारज्जू पुढे सडत वर चढत जातो, तिथे मात्र आमच्याही हातात काही राहत नाही, पण ते चिमटा काढून घरी ठरवायची गोष्ट नाहीये.

मालिश करून चालवा, हे वाचून तर डोक्याला हात लावला. सरकलेल्या चकतीचा उरलेला गाभा बाहेर यायला अजून काय पाहिजे? ऑपरेशन करणार नसाल तर निदान चार आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या कोपऱ्यात बंद, उड्या नाहीत, जिने नाहीत, सोफा नाही. आणि घरातली ब्रुफेन देऊ नका, पोटात अल्सर होतो, वर कोणी स्टेरॉइडही टोचलं असेल तर आतडं फुटेपर्यंत मजल जाते.

शेपटीचं अर्धं खरं आहे. तुम्ही समोरून नुसती हाक मारली आणि शेपूट हलली तर मस्त, पण शेपटीखाली पुसताना किंवा पोट दाबताना हलली तर तोही पाय ओढण्यासारखा मेंदूला न विचारता होणारा रिफ्लेक्सच, त्याला धरू नका.

आणि सू. थेंब थेंब गळणं म्हणजे सू होणं नव्हे, बऱ्याचदा ब्लॅडर टम्म भरून वरून सांडत असतं. काकांना विचारलं शेवटची नीट धार कधी लागली, तर त्यांना आठवेना. म्हणून पाय गेले की चिमटा राहू दे, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, किती वाजता गेले आणि शेवटची सू कधी झाली ते लिहून ठेवा, आणि काखेत उचलून लोंबकळत आणू नका, फळीवर आडवा ठेवून त्याच दिवशी घेऊन या.