यादीत त्यांचा फोटो होता

2019 च्या लोकसभेला माझी ड्युटी मराठवाड्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत लागली होती. मी मतदान अधिकारी क्रमांक 1, म्हणजे मतदार यादी माझ्या पुढ्यात. ओळखपत्र बघायचं, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारायचं, उमेदवारांच्या एजंटांची हरकत नसेल तर यादीत लाल रेघ मारायची. बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही करायचा.

अकराच्या सुमारास एक आजी आल्या. पदराची गाठ सोडून चार घड्या घातलेली मतदार चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली. मी कार्ड मागितलं तर म्हणाल्या, "अवं बाई, मागल्या बारीला ह्याच चिठ्ठीवर मत टाकलं की."

खरंच होतं ते. बीएलओने, म्हणजे त्या भागातली मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, घरी आणून दिलेली फोटोची चिठ्ठी आधी ओळख म्हणून चालायची. 2019 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने ते बंद केलं. चिठ्ठीवर तसं छापलंही होतं, पण आजींना वाचता येत नव्हतं.

समोर बसलेले तिन्ही एजंट म्हणाले, मॅडम, आमच्याच वाडीतल्या आहेत. एरवी एकमेकांशी न बोलणारे तिघं त्या बाबतीत एका सुरात बोलले. आणि माझ्या पुढ्यातल्या यादीत, आजींच्या नावाशेजारी, आजींचाच फोटो होता. तोच चेहरा, कपाळावर तेच गोंदण. तरीही केंद्राध्यक्षांनी नकाराची मान हलवली, आणि मी आजींना परत पाठवलं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. सहा वाजेपर्यंत मी दाराकडे बघत होते. त्या आल्या नाहीत.

फोटो ओळखपत्राला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. 1993 साली मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात हे कार्ड आलं ते दुसऱ्याच्या नावावर मत टाकून जाणाऱ्यांना अडवायला. आपलं मत आधीच कुणीतरी टाकून गेलंय हे कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय. त्याला टेंडर व्होट, म्हणजे मशीनऐवजी कागदी मतपत्रिकेवर मत, देता येतं, पण ती मतपत्रिका पाकिटात बंद होते आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय मोजली जात नाही. ते होऊ नये म्हणून कार्ड हवंच. चिठ्ठी बंद करण्यामागचं कारणही मला पटतं. तिच्यावर सुरक्षेची कसलीच खूण नव्हती आणि मतदानाच्या तोंडावर ती गठ्ठ्याने वाटली जायची.

पण मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो, कार्डाने नाही. नाव नसेल तर कोरं करकरीत कार्ड दाखवूनही मत देता येत नाही. कार्डाचं काम एवढंच, की समोरचा माणूस तोच आहे ना हे बघणं. मग ती खात्री यादीतल्या फोटोने होत असेल, एकही एजंट हरकत घेत नसेल, तर केंद्राध्यक्षांना अंगठा आणि सही घेऊन मतदान करू देण्याचा अधिकार का असू नये? माझे एक सहकारी म्हणतात, शहरात कोण कुणाला ओळखतं? बरोबर आहे, आणि यादीतले कित्येक फोटो काळेकुट्ट असतात. तिथे नकार द्यावा. पण जिथे चेहरा स्पष्ट दिसतोय तिथे तरी कागदासाठी माणूस परत जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नियम बदलेपर्यंत जे हातात आहे ते तरी करूया. आजींना मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, घरात फोटोचं पासबुक आहे का? त्या वर्षी कार्डाशिवाय 11 पर्याय होते, 2024 ला दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड धरून 12 झाले. आधार, पॅन, लायसन्स सगळ्यांना माहीत असतं. पण बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, हेही चालतं. कार्डावर नावाची वेलांटी चुकली असेल आणि माणूस तोच आहे हे कळत असेल, तर त्यासाठी अडवायचं नसतं. मतदारसंघ बदललाय पण जुनंच कार्ड आहे, तरी नव्या यादीत नाव असेल तर ते चालतं. हे सगळं प्रशिक्षणात सांगतात, पण मशीन जोडण्याच्या गडबडीत ते दोन मिनिटांत उरकतं.

आता साहित्य घेऊन गावात पोचलो की मी आधी अंगणवाडीताईंना आणि कोतवालांना गाठते. नुसत्या चिठ्ठीवर मत नाही, वस्तीवर सांगा, पासबुक घेऊन या. 2024 च्या विधानसभेला, 20 नोव्हेंबरला, एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जॉबकार्ड घेऊन आले. अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन आणलं म्हणाले. शेजारच्या मॅडमनी त्याचे शेवटचे चार आकडे नोंदवहीत लिहिले आणि आजोबांनी शाईसाठी डावा हात पुढे केला.