बाराशे लायसन्सांचा गृहप्रवेश

कोड लिहून देणाऱ्या एआय टूलची लायसन्स आधी घ्या, गरज मागाहून शोधता येते. आणि घ्यायचीच तर एकदम बाराशे घ्या. एका टीमला तीन महिने वापरायला देऊ, मग बघू, असलं काटकसरी बोलणं ‘एआय ट्रान्सफॉर्मेशन हेड’ या तुमच्या नव्या पाटीला शोभत नाही. वीस लायसन्सांचा टाउनहॉल (सगळ्या कंपनीची सभा) होत नाही. बाराशेंचा होतो, आणि त्यात केकही असतो.

टाउनहॉलची पहिली स्लाइड मी सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुंदर पिचाई म्हणाले होते की गूगलमधला पाव हिश्शाहून अधिक नवा कोड एआय तयार करतं आणि मग इंजिनियर तो तपासून स्वीकारतात. तुम्ही ‘आणि’च्या अलीकडेच थांबा. अक्षरं मोठी घेता येतात.

दुसऱ्या स्लाइडवर ५५ टक्के. गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय टूलच्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला सांगितला होता. टूल मिळालेल्यांचं काम सुमारे ५५ टक्के लवकर उरकलं. तुमच्याकडे कोऱ्या फाइलीत सर्व्हर कुणी लिहीत नाही. तुमच्याकडे विमा क्लेमचा अठरा वर्षांचा कोड आहे, त्यातल्या एका फंक्शनच्या डोक्यावर ‘कृपया हात लावू नये’ एवढीच कॉमेंट आहे, आणि ती लिहिणारा कधीचाच टोरांटोत स्थायिक झालाय. पण स्लाइडवर एवढी जागा कुठे असते?

एखादा चोखंदळ इंजिनियर उठेल आणि एमईटीआर या एआय तपासणाऱ्या संस्थेचा २०२५ चा अभ्यास काढेल. १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्या रोजच्या ओळखीचे ओपन सोर्स प्रकल्प, २४६ कामं. सुरुवातीला त्यांना वाटत होतं, एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. आणि सगळं आटोपल्यावरही ते सांगत होते की २० टक्के वाचला! घाबरू नका, तुमची सगळी योजना या शेवटच्या वाक्यावर उभी राहते. घड्याळ लावूच नका, सर्व्हे घ्या. (‘माणसं सोळाच होती आणि टूल्स तेव्हाची होती’ हे उत्तर तुम्ही देऊ शकता, ते खरंही आहे. फक्त ‘मग आपल्याकडे मोजून बघू या’ असं कुणी म्हणायच्या आत मीटिंग संपवा.)

मोजायचंच तर ॲक्सेप्टन्स रेट मोजा. टूलनं सुचवलं आणि माणसानं टॅब दाबलं की झाला आकडा. दहा सेकंदांनी त्यानं ते सगळं पुसलं, तरी तो पडलेला आकडा कुठे जात नाही. १९८२ मध्ये ॲपलच्या लिसा या संगणकाच्या प्रकल्पावर मॅनेजरांनी प्रोग्रामरांकडून दर आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरून मागितला होता. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी नुकताच ग्राफिक्सचा एक भाग नव्यानं लिहून तो लहान आणि वेगवान केला होता. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. पुढे त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. तुम्ही इतके हळवे होऊ नका. हा आकडा अप्रेजलला जोडा. पंधरा वर्षं टायमशीट भरलेल्या माणसाला आकडा कसा पाडायचा हे शिकवावं लागत नाही. तो टूलकडून कॉमेंटा लिहून घेईल, स्वीकारेल, पुसेल, पुन्हा लिहून घेईल. महिन्याभरात डॅशबोर्ड पावसाळ्यातल्या मुळशीसारखा हिरवागार.

काही चौकटी तरीही लाल राहतील. ती माणसं दिवसभर क्लायंटच्या व्हीडीआयमध्ये (दुरून वापरायच्या, क्लायंटच्याच ताब्यातल्या संगणकावर) असतात, तिथे हे टूल उघडतच नाही, आणि करारात कोड बाहेर न पाठवण्याचं कलम आहे. त्यांना ‘तुमची मानसिकता बदलायला हवी’ असा ईमेल पाठवा.

आणि देव न करो, पण टूलनं खरोखरच वेळ वाचवला तर? हे कुठल्याच टाउनहॉलमध्ये विचारलं जात नाही. बिलिंग माणशी, तासावर. दहा जणांचं काम सात जणांत होऊ लागलं तर क्लायंट सातांचेच पैसे देणार, आणि तिघं बेंचवर, म्हणजे बिनबिलाचे, येऊन बसणार. म्हणून क्लायंटला सांगताना वेग वाढला म्हणा आणि बिल पाठवताना काम किचकट होतं म्हणा. दोन्ही ईमेल टूलच लिहून देईल.

आता रिव्ह्यूचं. पूर्वी फ्रेशर ऐंशी ओळींचा पीआर (तपासणीसाठी पाठवलेला कोडमधला बदल) टाकायचा, आता चौदाशेंचा टाकतो. वर्णन सुबक, ठळक मथळे, शेवटी रॉकेटचं चित्र. तो वाचायचा कुणी? टीममधल्या त्याच एका सिनियर मॅडमनी, ज्या आधीही वाचत होत्या. त्यांना कोपायलट मिळालाय, पण डोळे जुनेच आहेत. त्या विचारतात, ‘इथे रिट्राय तीनदा का?’ फ्रेशर म्हणतो, ‘त्यानं तसं दिलं.’ पूर्वी बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘ह्यांनी’ म्हणत, अगदी तसं. मॅडम ‘ह्यांना’ विचारायला जातात, तर ‘हे’ लगेच माघार घेऊन तीनचे पाच करून देतात. पाच का, हे आता कुणालाच माहीत नाही.

मॅडमची तक्रार आली की रिव्ह्यूही टूललाच द्या. टेस्टही त्यालाच लिहू द्या, म्हणजे कोड जे करतोय तेच बरोबर असं टेस्ट म्हणेल. सासरही तेच, माहेरही तेच, भांडणाचा प्रश्नच मिटला. सॉफ्टवेअर टीमांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या गूगलच्याच डोरा गटाच्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर वाढतो तशी डिलिव्हरीची स्थिरता (नवा बदल लागल्यावर बिघाड न होणं) घटताना दिसली होती; एकेका वेळी जाणारे बदल मोठे होत असावेत, हा त्यांचा अंदाज. तुम्ही तो अहवाल टूलकडून पाच ओळींत संक्षिप्त करून घ्या. एखादी ओळ गळतेच.

मग एखाद्या शुक्रवारी रात्री दोन वाजता सगळे क्लेम अडकतील. कॉलवर चौतीस माणसं, त्यातली एकतीस म्यूटवर. हे फंक्शन कुणी लिहिलं, असं क्लायंट विचारेल. कुठली ओळ कुणाची हे दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये फ्रेशरचं नाव निघेल. तो बिचारा थरथरत्या हातांनी सगळा एरर टूलमध्ये टाकेल. ‘तुमचं अगदी बरोबर आहे, ही माझी चूक होती,’ असं सांगून टूल तीनशे नव्या ओळी देईल. तो टॅब दाबेल, आणि डॅशबोर्डवर तेवढ्यातही आकडा वाढेल.

‘मॅडमना फोन लावा,’ असं कुणीतरी म्हणेल. मॅडमचा शेवटचा दिवस मागच्याच शुक्रवारी होता. लॅपटॉप जमा झाला, केक कापला. त्यांचं लायसन्स मात्र वाया गेलं नाही. सोमवारीच ते एका फ्रेशरला मिळालं.