बॉण्डची धून आपल्याकडून कुणी चोरलेली नाही

माझा मावसभाऊ इंदुरात सतार शिकवतो. परवा त्याच्याकडून ‘गोऱ्यांनी दडवलेलं सत्य’ नावाचा मेसेज आला. तुमच्या गटातही फिरला असेल. त्यात म्हटलंय की १९६२च्या ‘डॉ. नो’ या पहिल्या बॉण्डपटाची धून एका भारतीय सतारवादकाकडून चोरली आणि २००१ मध्ये लंडनच्या कोर्टाने ते मान्य केलं. शिवाय खलनायकाच्या अड्ड्यातलं चित्र खरोखर चोरीचं होतं, शॉन कॉनरी साधा ट्रक ड्रायव्हर होता, नायिकेचा आवाज तिचा नव्हता, आणि बॉण्ड हे पात्र बहिर्जी नाईकांवरून उचललंय.

नुसतं पुढे पाठवलं असतं तर गप्प बसलो असतो. पण यंदा गणपतीत त्याची मुलं ही धून वाजवणार आणि आधी एक मुलगी माइकवरून ‘आपली चोरलेली धून’ असं निवेदन करणार, असं ठरलंय. गायक अमीर खाँसाहेबांच्या गावात, भर मांडवात, कोर्टाचा हवाला देऊन एका संगीतकाराला चोर म्हणायचं?

तर कोर्टाचंच बघू. २००१ मध्ये खटला झाला, हे बरोबर. पण तो या धुनेचे संगीतकार मॉण्टी नॉर्मन यांच्यावर कुणी भरला नव्हता. नॉर्मननीच ‘संडे टाइम्स’वर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, कारण धून त्यांची नसून जॉन बॅरीची आहे, असं त्या पत्राने छापलं होतं. ज्यूरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला, ३० हजार पौंड भरपाई मिळाली. वाद दोन इंग्रज संगीतकारांच्या श्रेयाचा. यात सतारवादक कुठून उपटला? ज्याचं श्रेय कोर्टात शाबीत झालं, त्यालाच मेसेजवाल्याने चोर केलं, तेही त्याच निकालाच्या जोरावर!

भारताचा धागा मात्र आहे. जिवावर येतंय, पण सांगतो. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर संगीतिका करायचं घाटत होतं. गोष्ट त्रिनिदादमधल्या भारतीय घराची, म्हणून नॉर्मननी एका गाण्याला हिंदुस्थानी वळण दिलं. अपशकुनी शिंक घेऊन जन्मलेल्या माणसाचं गाणं. संगीतिका बारगळली, चाल तशीच पडून राहिली. ‘डॉ. नो’चं काम आल्यावर त्यांनी ती बाहेर काढली, बॅरींनी तिचा वाद्यमेळ बांधला आणि विक फ्लिकने गिटारवर वाजवली. हे सगळं नॉर्मन स्वतःच सांगत. हिंदुस्थानी वळणाची चाल बांधणं ही चोरी असेल, तर विलायती रेकॉर्डी ऐकून आपल्या हिंदी सिनेमावाल्यांनी काय काय केलं, त्याचा हिशेब आधी काढावा लागेल. भावाला म्हटलं, धून खुशाल वाजव, सतारीवर छानच लागेल, पण निवेदनात नाव नॉर्मनचं घे. अजून उत्तर नाही.

आता चित्र. गोयाने काढलेलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून खरंच चोरीला गेलं होतं. त्यावर सिनेमावाल्यांनी थट्टा केली: हा बघा चोर, आमचा खलनायक डॉ. नो! नेपथ्यकार केन ॲडमने त्याची नक्कल रंगवून सेटवर ठेवली आणि बॉण्ड ती पाहून क्षणभर थबकतो. मूळ चित्र मिळालं १९६५ मध्ये. चोरीचा माल कुणी जगभरच्या पडद्यांवर मिरवतं का?

कॉनरीने ट्रक चालवला, दूधही टाकलं, कबूल. पण बॉण्ड होण्याआधी, १९५८ मध्येच, तो हॉलिवूडची तारका लाना टर्नरसमोर पडद्यावर उभा राहिला होता. पुढच्या वर्षी डिस्नेच्या सिनेमातही होता. स्टिअरिंगवरून थेट उचलून आणलेला माणूस नव्हे.

नायिकेच्या आवाजाचं खरं आहे. अर्सुला अँड्रेसचे संवाद निकी व्हॅन डर झील हिने डब केले. एवढा एक मुद्दा मेसेजवाल्याला दिला.

राहिले बहिर्जी. महाराजांच्या हेरप्रमुखाला मोठं ठरवायला मार्टिनी ढोसणाऱ्या विलायती हेराची शिफारस कशाला हवी, हेच मला कळत नाही. बॉण्डचा लेखक इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर खात्यात होता. हेरांच्या गोष्टी त्याला घरबसल्या होत्या. आणि ‘जेम्स बॉण्ड’ हे नाव त्याने वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासकाचं घेतलं. तेही त्याने कधी लपवलं नाही.