खुलासा : टॉर्चखाली चमकलं म्हणजे कार्ड नकली नव्हे

ठाण्यात आम्हा खेळणी जमवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : '१९७८ च्या केनरच्या स्टार वॉर्स फिगरचं कार्ड यूव्ही टॉर्चखाली निळसर चमकलं तर नकली, नाहीतर अस्सल.' (केनर ही या छोट्या बाहुल्या, म्हणजे फिगर, बनवणारी अमेरिकी कंपनी; कार्ड म्हणजे ज्यावर फिगर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बबलखाली चिकटवून विकायचे तो छापील पुठ्ठा; यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाश.)

हे चूक आहे. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं तेव्हाही वापरात होती. शिवाय न चमकणाऱ्या अस्सल कार्डावर बबल नंतर चिकटवलेला असू शकतो! राम मारुती रोडजवळच्या मित्राने या मेसेजपायी चांगलं कार्ड परत केलं. फार हळहळ वाटली.

त्यापेक्षा भिंगातून बारीक काळी अक्षरं बघा. मूळ छपाईत ती सलग, रेखीव दिसतात; स्कॅन करून छापलेल्यात बहुधा कडा फुटतात, रंगीत ठिपके दिसतात. मग तिरप्या उजेडात बबलच्या कडेला फाटलेला कागद किंवा गोंदाचे ओघळ शोधा.